महामारीत हरवलेले साडेचार तास : जालना जिल्हा आणि पक्षाघाताचे रुग्ण

कोरोना महामारीचा हिशेब आपण आजवर बहुधा एकाच वहीत मांडत आलो आहोत. किती जणांना लागण झाली, किती बरे झाले, किती दगावले, किती खाटा आणि किती प्राणवायू लागला. त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून दररोज जे पत्रक निघे, त्यातही हेच रकाने असत. ज्यांच्यासाठी त्या पत्रकात रकानाच नव्हता, अशा रुग्णांविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. भीतीचा धुरळा आता खाली बसला आहे. त्यामुळे विषाणूने थेट न मारलेल्या, परंतु त्याच्या सावलीत अपंग झालेल्या वा दगावलेल्या माणसांकडे शांतपणे पाहणे आता शक्य आहे.

पक्षाघाताला आपल्याकडे लकवा म्हणतात. जुनी माणसे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणत. या रोगात वारा वगैरे काही नसतो. मेंदूला रक्त पोहोचविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि त्या भागातील पेशी मरू लागतात. दर दहा रुग्णांपैकी सुमारे आठ जणांत गुठळी हे कारण असते. मोठी वाहिनी बंद झाल्यास मिनिटाला जवळजवळ १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असे २००६ साली एका अमेरिकन तज्ज्ञाने मांडलेले गणित जगभर सांगितले जाते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन उपयोगी पडते हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली युरोपातील अभ्यासाने ती साडेचार तासांपर्यंत वाढविली. मात्र हेच औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले तर ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषधाआधी डोक्याचा सी. टी. स्कॅन हवाच. (घरच्या घरी ॲस्पिरिन देण्याचा जो सल्ला शेजारीपाजारी देतात, तो याच कारणाने धोक्याचा आहे.) तात्पर्य, पक्षाघाताच्या उपचारासाठी वाहन, यंत्र, ते चित्र वाचणारा डॉक्टर आणि औषध या चार गोष्टी साडेचार तासांत एकत्र याव्या लागतात. एक जरी उशिरा आली तरी बाकीच्या तिघींचा या उपचारापुरता उपयोग उरत नाही.

आता जालना जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून हा जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. ‘जालना, सोने का पालना’ अशी या व्यापारी शहराची ख्याती. बियाणे आणि पोलाद यांनी ती पुढेही टिकविली. परंतु मेंदूविकाराचा तज्ज्ञ हवा असला की जालनेकर पश्चिमेकडे पाहतो, ते साठ किलोमीटरवरील तेव्हाच्या औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे. गरिबाच्या तोंडी त्याचे नाव एकच, ‘घाटी’, अर्थात तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

समजा, मंठा तालुक्यातील एखाद्या खेड्यात सकाळी सहा वाजता घरातल्या वडीलधाऱ्यांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. अर्धा तास ‘थोडे थांबून पाहू’ यात जातो. सातला जीप मिळते. रस्ता बरा असल्यास साडेआठला जालना. तेथे स्कॅन होऊन तो वाचला जाईपर्यंत साडेनऊ. मुदत संपणार साडेदहाला. म्हणजे सारे काही सुरळीत झाले, तर हाती तास उरतो. जालन्यात औषध मिळाले नाही आणि पुढे पाठविले, तर रुग्ण मुदत संपण्याच्या सुमारास घाटीच्या दारात असतो. हा हिशेब महामारीपूर्वीच्या चांगल्या दिवसाचा आहे. कोविडने एक धडधाकट व्यवस्था मोडली असे म्हणता येत नाही. जी आधीच काठावर उभी होती, तिला त्याने अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार धक्के दिले.

पहिला धक्का रस्त्यावर बसला. २३ मार्च २०२० रोजी राज्यात संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. तातडीच्या वैद्यकीय प्रवासाला मुभा होती, हे खरे. पण कागदावरची मुभा आणि रात्री दोन वाजता गावातल्या जीपवाल्याला दार उघडायला लावणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाडी अडवतील, आपल्याला विलगीकरणात टाकतील, आजारी माणसाला कोरोनाच असेल, अशी तिहेरी धास्ती होती. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर कोविडचा भार पडला. आंतरजिल्हा प्रवासाची ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० रोजी उठेपर्यंत, जालना ते औरंगाबाद हा एरवी चहाच्या एका थांब्याचा प्रवास परमुलखात गेल्यासारखा झाला होता. याच दोन शहरांमधील रेल्वेमार्गावर करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशात घराकडे पायी निघालेली ती माणसे होती. त्यांचा विषय वेगळा आहे. पण वाहन न मिळणे म्हणजे काय, हे त्या रुळांनी जितके सांगितले तितके कोणत्याही आकडेवारीने सांगितले नाही.

दुसरा आणि तिसरा धक्का रुग्णालयाच्या दारात. आलेला प्रत्येक जण संशयित होता. आरंभी जिल्ह्यात तपासणीची प्रयोगशाळा नव्हती. नमुने बाहेर पाठवावे लागत आणि अहवालाची वाट पाहावी लागे. पुढे झटपट होणारी अँटिजेन चाचणी आली, तरी ‘आधी चाचणी, मग प्रवेश’ या क्रमात बहुमोल वेळ जाई. सी. टी. स्कॅनची कथा तर विशेष विचार करण्याजोगी आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला जे यंत्र हवे, तेच यंत्र कोविडच्या रुग्णाची फुप्फुसे पाहण्यासाठी हवे झाले. ‘एचआरसीटी’ आणि ‘स्कोअर’ हे शब्द त्या दिवसांत खेड्यापाड्यांतील लोकांच्याही तोंडी बसले. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला या तपासणीचे दर दोन ते तीन हजार रुपयांच्या मर्यादेत बांधून द्यावे लागले. दर बांधता आले, रांग बांधता आली नाही. संशयित रुग्णानंतर यंत्र व खोली निर्जंतुक करावी लागे, ती वेळ वेगळीच. मंठ्याहून आलेल्या आपल्या त्या काल्पनिक रुग्णाचा उरलेला एक तास याच रांगेत संपतो.

चौथा धक्का औरंगाबादला. घाटीतील अतिविशेषोपचारांसाठी बांधलेली इमारत कोविडच्या रुग्णांकडे गेली. फिजिशियन, अतिदक्षता विभाग, परिचारिका, सारे बळ तिकडे वळले. त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. घर पेटले असता पाण्याची घागर कोठे ओतावी हा प्रश्न उरत नाही. परंतु परिणाम तो परिणामच. नातेवाईकांना आत सोडत नसत, याचाही या रुग्णांना विशेष फटका बसला. न्यूमोनियाचा रुग्ण आपली हकीकत सांगू शकतो. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांची वाचाच गेलेली असते. ‘हे केव्हा सुरू झाले?’ या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नावर साडेचार तासांचा सारा हिशेब अवलंबून असतो आणि उत्तर देणारी सून वा मुलगा फाटकाबाहेर उभा असतो.

येथवर आलेल्यांची ही गोष्ट झाली. त्याहून मोठा प्रश्न न आलेल्यांचा आहे. ७० देशांतील ४५७ पक्षाघात केंद्रांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. मार्च ते जून २०२० या चार महिन्यांत, आधीच्या चार महिन्यांच्या तुलनेत, पक्षाघातासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या ११.५ टक्क्यांनी घटली होती आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळालेल्यांची १३.२ टक्क्यांनी. लकवा काही टाळेबंदी पाळत नाही. उलट कोविडच्या संसर्गाने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयसमूहात दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतील पाच जण मोठ्या वाहिनीच्या पक्षाघाताने दाखल झाले, ही नोंद एप्रिल २०२० मध्येच प्रसिद्ध झाली होती. तेव्हा रोग कमी झाला नव्हता. माणसे घरी राहिली होती. विशेषतः सौम्य झटका आलेली. हाताला मुंग्या आल्या, बोलताना जीभ अडखळली, तासाभरात बरे वाटले, एवढ्यासाठी कोरोनाच्या दारात कोण जाईल? पण असा ओझरता झटका ही पुष्कळदा मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते.

‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हा संदेश शासनाने दिला, आपल्या व्यासपीठांवरूनही तो दिला गेला आणि तो आवश्यक होता. माझे मत असे की त्याला दुसरे वाक्य जोडायला हवे होते: ‘मात्र तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे बदलले, तर क्षणभरही घरी राहू नका.’ हे वाक्य जोडले न गेल्याने पहिले वाक्य ज्यांनी सर्वांत निष्ठेने पाळले, त्या वृद्धांनाच ते महाग पडले. योगायोग असा की त्या काळी राज्याचे आरोग्यमंत्री याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते. त्यांचे निवेदन लोक रोज कान देऊन ऐकत. त्या निवेदनाला हे एक वाक्य पेलले असते.

घराच्या आतही रोग ओळखणे कठीण झाले होते. वृद्धांना जपण्यासाठी वेगळ्या खोलीत ठेवले जाई. ताट दारात ठेवून परतायचे. अशा माणसाला लकवा कधी झाला हे कोणी पाहिलेलेच नसे. आणि ‘शेवटचे धड केव्हा पाहिले’ ही वेळ रात्रीची निघाली की सकाळी सापडलेल्या रुग्णाची मुदत कागदोपत्री संपलेली. तोंडावरची पट्टी वाकडे तोंड झाकी, तो आणखी एक भाग. शिवाय मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अडकून पडली होती. एप्रिल २०२० च्या मध्यास शासनाने त्यांना परतण्याची परवानगी दिली, तोवर गावात कित्येक घरी म्हातारा-म्हातारीच होती. अशा वेळी जवळचा इलाज तो पहिला इलाज ठरतो. झाडपाल्याचे औषध देणारा किंवा कबुतराच्या रक्ताने मालिश करणारा साठ किलोमीटर दूर नसतो आणि तो चाचणीचा अहवाल मागत नाही. लोकांच्या अज्ञानावर बोट ठेवणे सोपे आहे. पण त्या वेळी त्यांच्या दारात दुसरे कोण उभे होते, हेही विचारावे.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. त्याची गोळी रोज घ्यावी लागते आणि ती बंद केल्याचे दुःख त्या दिवशी होत नाही. टाळेबंदीत एस. टी. बंद, आठवडी बाजार बंद, बाह्यरुग्ण विभागात जाण्याची भीती. गोळ्यांची पाकिटे संपली ती संपलीच. एरवी घरोघरी चौकशी करणाऱ्या आशा कार्यकर्त्या कोविडच्या सर्वेक्षणाला जुंपल्या गेल्या. तरी न्यायाने सांगितले पाहिजे की सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ताप व प्राणवायूची पातळी मोजताना त्यांनीच रक्तदाब-मधुमेहाची विचारपूसही घराघरांत केली. एवढी मोठी यादी यापूर्वी क्वचितच हाती आली असेल. त्या यादीतील माणसांना पुढे दरमहा गोळी पोहोचविण्याची साखळी मोहिमेबरोबरच उभारता आली असती. जिल्हे यादीवरच थांबले तर तिचा उपयोग अर्धाच होतो.

यापुढचा भाग आपल्या धर्मग्रामांच्या अधिक जवळचा आहे. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. या काळात रोज व्यायाम करून घेतला तर हातपाय वळू लागतात, जीभ उलगडते. टाळेबंदीत भौतिकोपचाराची केंद्रे बंद होती. रुग्ण बिछान्यात आखडला, पाठीला जखमा झाल्या आणि हे सारे ओझे पत्नीच्या, सुनेच्या वा मुलीच्या अंगावर पडले. एरवी आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या धर्मभगिनींच्या भेटी थांबल्या. २०२० चा पवित्र आठवडा आणि १२ एप्रिलचा ईस्टर मंदिरांच्या बंद दारांआड गेला. आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी धर्मगुरूंना घरोघरी जाणेही दुरापास्त झाले. देशपातळीवर ख्रिस्ती आरोग्यसंस्थांनी मार्च २०२० मध्येच एक हजारांहून अधिक रुग्णालये व सुमारे साठ हजार खाटा शासनाला देऊ केल्या होत्या, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. पण लकव्याच्या माणसाला पहिल्या दिवसानंतर खाटेहून अधिक गरज असते ती रोज तासभर हात धरून चालविणाऱ्या कोणाची तरी. ती गरज कोविडच्या वस्त्रांत, अंतर राखूनही, काही अंशी भागविता आली असती. दूरध्वनीवरून व्यायाम शिकविणे तेव्हाही अशक्य नव्हते.

झालेल्या हानीचे मोजमाप का होत नाही, तेही येथेच सांगून टाकावे. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांच्या कारणाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र होते. खेड्यात घरी मृत्यू झाला की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नाव, वय, तारीख लागते. ‘मेंदूत गुठळी’ असे कोणी लिहीत नाही. जो वाचला, पण एका अंगाने गेला, त्याची तर नोंदच नाही.

हे सारे अटळ होते का? २०२० च्या पहिल्या लाटेपुरते मी ‘बव्हंशी’ असे उत्तर देईन. विषाणू नवा होता, साधने अपुरी होती. परंतु त्याच जागतिक पाहणीत असेही दिसले की मे-जूनमध्ये रुग्णांची संख्या पुन्हा सावरू लागली. ज्या रुग्णालयांनी चाचणीची वाट न पाहता पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला बाधित समजून, संरक्षक पोशाखातच थेट स्कॅनकडे नेण्याची रीत घातली, त्यांनी वेळ वाचविला. ही रीत २०२० च्या वसंतातच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली होती. म्हणून एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा मराठवाडा प्राणवायू व रेमडेसिविरसाठी वणवण करीत होता, तेव्हा ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब निदान या एका बाबतीत उरली नव्हती. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांना ते जमले. जिल्ह्याला जमण्यासाठी आधी जिल्ह्यात पक्षाघाताची व्यवस्था असावी लागते.

आज रस्ता बदलला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याने जालना ते संभाजीनगर अंतर वेळेच्या हिशेबाने आखूड केले. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील अशा दहा महाविद्यालयांचे एकत्रित उद्घाटन झाले. ही मोठी गोष्ट आहे. तथापि एम.बी.बी.एस.चे महाविद्यालय चालविण्यासाठी मेंदूविकारांचा स्वतंत्र विभाग सक्तीचा नसतो, हे विसरून चालणार नाही. फलकावर ‘वैद्यकीय महाविद्यालय’ असे लिहिलेले पाहून मंठ्याचा रुग्ण थांबेल आणि रात्री स्कॅन वाचणारा कोणी नसेल, तर पूर्वीपेक्षा वेळ अधिकच जाईल.

यावर हिमाचल प्रदेशाने २०१४ साली काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. डोंगराळ राज्य, मेंदूविकारतज्ज्ञ मोजके. त्यांनी सी. टी. यंत्र असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील साध्या फिजिशियनना प्रशिक्षण दिले, गुठळीचे औषध तेथे विनामूल्य ठेवले आणि स्कॅनचे चित्र मोबाइलवरून शिमला व टांडा येथील तज्ज्ञांना पाठविण्याची सोय केली. तज्ज्ञ दूरध्वनीवर सांगतो, औषध जिल्ह्यातच दिले जाते. आपल्याकडे तर आणखी एक अनुकूलता आहे. जुने औषध तासभर शिरेतून सोडावे लागे. टेनेक्टेप्लेज हे नवे औषध एकाच वेळी टोचून रुग्णाला लगेच पुढे रवाना करता येते आणि ते बनविणारी जेनोव्हा ही कंपनी पुण्यातच आहे. कोविडची लसही तिने बनविली होती.

जालन्यासाठी हे करायचे तर नव्या इमारतीची गरज नाही. चोवीस तास चालणारे एक स्कॅन यंत्र, रात्रपाळीचा एक प्रशिक्षित फिजिशियन, कपाटात औषधाच्या काही कुप्या, संभाजीनगरच्या तज्ज्ञाचा उचलला जाणारा दूरध्वनी, आणि आठही तालुक्यांतील १०८ च्या चालकांना एकच सूचना: लकव्याचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयात उतरवू नये, थेट स्कॅन असलेल्या ठिकाणी न्यावा आणि निघताना तेथे कळवावे. पुढची साथ आली तर यापैकी प्रत्येक गोष्ट कोविडच्या खाटांपासून वेगळी राखली जाईल, असे लेखी ठरलेले असणेही आवश्यक आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत याविषयी विचारणा करणे आपल्या धर्मग्राम परिषदांना अवघड नाही. अर्जाला एक पान पुरते.